कॅनव्हासचा रफ कोण मंजूर करणार?

चोपडा तालुक्यातील एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा : त्यांचे वय अडतीस आहे. कला महाविद्यालयाची पदविका घेतल्यापासून त्या बालपुस्तके, दिवाळी अंक आणि शालेय स्वाध्यायपुस्तिकांसाठी कथाचित्रे काढत आल्या आहेत. घरची केळीची शेती आहे, पती नोकरी करतात, मुलगी सातवीत शिकते. गेली तीन वर्षे त्या कॅनव्हासवर मिश्र माध्यमात स्वतंत्र चित्रे करीत आहेत. अ‍ॅक्रिलिक आणि शाईच्या जोडीला केळीच्या खांबाचा धागा, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे, हळद आणि स्वतःच्याच छापून आलेल्या कथाचित्रांची पाने त्या वापरतात. एका सामूहिक प्रदर्शनात एका ज्येष्ठ चित्रकारांनी ‘काम सफाईदार आहे, पण ही चित्रं नाहीत, कथाचित्रं आहेत’ असा शेरा मारला आणि तो त्यांच्या मनातून जात नाही. कथाचित्रांची कामे बंद करावीत का, दोन वर्षे पुण्यात जाऊन राहावे का, आणि जळगावच्या एका सराफांनी नव्या दालनासाठी मागितलेली सहा मोठी चित्रे (‘अशीच, पण ती चिंध्यांची भानगड नको’) करून द्यावीत का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. सोबत नऊ चित्रांची छायाचित्रे जोडली आहेत.

उत्तर :

तुमचे तिन्ही प्रश्न एका समजुतीवर उभे आहेत. कथाचित्रकार आणि चित्रकार या जणू दोन वेगळ्या जाती आहेत आणि पहिलीचा त्याग केल्याशिवाय दुसरीत पंगत मिळत नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ज्या ज्येष्ठांनी शेरा मारला त्यांनीही बहुधा तेच धरले असावे. आपल्याकडच्या कलेचा इतिहास मात्र याला दुजोरा देत नाही. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी आयुष्यभर मुखपृष्ठे आणि कथाचित्रे काढली, १९४५ मध्ये स्वतःचा दिवाळी अंक सुरू केला, आणि त्याच हाताने स्वतंत्र चित्रेही केली. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवले. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करीत होते. तुमच्या घरापासून जवळचे उदाहरण हवे असेल, तर डिसेंबर १९३६ मध्ये शेजारच्या यावल तालुक्यात, फैजपूरला, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा त्याची सजावट गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साध्या सामग्रीतून उभी केली. मुलांच्या वाचनपुस्तकासाठी चित्रे काढणारे आणि पुढे संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजवणारे नंदलाल तेच. यांपैकी कोणाला एक काम करण्यासाठी दुसऱ्याची लाज वाटल्याचे दिसत नाही.

तेव्हा शेऱ्यातला हिणवणीचा भाग सोडून द्या. त्यात ऐकण्यासारखेही काही आहे, आणि ते तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने माझ्या लक्षात आले. तुम्ही लिहिता, ‘कॅनव्हाससाठीसुद्धा मी आधी पेन्सिलीचा रफ काढते, मग छोटा रंगीत रफ, तो घरात दाखवते, आणि सगळे ठरले की मगच कॅनव्हासला हात लावते.’ कथाचित्रासाठी ही पद्धत योग्यच आहे. तिथे मजकूर आधी असतो, संपादक रफ, म्हणजे कच्चे रेखाटन, मंजूर करतात, आणि अंतिम चित्रात आयत्या वेळी काही बदलले तर पानाची जुळणी बिघडते. कॅनव्हासला असा कोणी संपादक नाही. तरीही तुम्ही तो मनाने नेमून ठेवला आहे आणि त्याची मंजुरी मिळेपर्यंत ब्रश उचलत नाही. परिणामी कॅनव्हासवर प्रत्यक्ष काम सुरू होते तेव्हा सगळे निर्णय होऊन गेलेले असतात, आणि धागा, लुगडे, हळद यांच्या वाट्याला ठरलेल्या जागी जाऊन बसण्यापलीकडे काही उरत नाही.

हे तुमच्याच दोन चित्रांवरून सांगतो. तिसऱ्या छायाचित्रात बायका केळीचे घड वाहून नेत आहेत. मांडणी उत्तम आहे, चेहरे बोलके आहेत, आणि पुढच्या बाईच्या अंगावर लुगड्याचा खरा तुकडा चिकटवला आहे. कापडाच्या जागी कापड आले, एवढेच तिथे घडले. तो तुकडा काढून तिथे हुबेहूब रंग भरला असता तरी चित्राचे फारसे नुकसान झाले नसते. मिश्र माध्यमाची कसोटी मी एवढीच मानतो की एक माध्यम काढून घेतल्यावर चित्र कोसळते की नाही. आता सातवे छायाचित्र पाहा, ज्याच्याखाली तुम्ही ‘हे अर्धवट राहिले आहे’ असे लिहिले आहे. न रंगवलेल्या सुती कापडावर केळीच्या चिकाचा मोठा तपकिरी डाग पसरला आहे. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात हा डाग पडलेला एक तरी सदरा असतो आणि तो कोणत्याही साबणाने गेलेला नसतो. त्या डागाच्या कडेला लुगड्याचा काठ तुम्ही उलटा, विणीची मागची बाजू वर करून लावला आहे, आणि तिथून सुटलेल्या दोऱ्यांचा माग घेत शाईची एक बारीक रेघ डागात शिरते आणि मध्येच थांबते. माणूस नाही, घड नाही, तरी राबणे त्या चित्रात पुरेपूर आहे. तिथे काठ, डाग आणि रेघ यांपैकी काहीही काढता येत नाही. माझ्या मते नऊ चित्रांत ते सर्वांत पूर्ण आहे.

यावरून आकृत्या सोडा, गोष्ट सांगणे सोडा, असा अर्थ कृपया काढू नका. जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भिंती जातककथांनी भरलेल्या आहेत आणि त्यांना कोणी ‘कथाचित्रे’ म्हणून खाली बसवत नाही. शिवाय तुमच्या माध्यमाच्या दृष्टीनेही त्या भिंती पाहण्यासारख्या आहेत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात वनस्पतींचे तंतू आणि भुसा, वर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग, अशी ती रचना आहे. तंतू तिथे शोभेसाठी घातलेले नाहीत, तर गिलावा धरून ठेवण्यासाठी आहेत. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन लेणी दाखवायला जाल, तेव्हा जिथे रंग उडून गिलावा उघडा पडला आहे, तिथे थोडे जास्त थांबा.

करून काय पाहायचे ते आता सांगतो. बारा इंच बाय बारा इंच या एकाच मापाचे दहा कॅनव्हास ताणून घ्या आणि त्यांतल्या एकासाठीही रफ काढू नका. प्रत्येकाची सुरुवात वस्तूपासून करा : एकावर फक्त धागा, एकावर फक्त डाग, एकावर काठाचा तुकडा. पेन्सिल शेवटी वापरा किंवा वापरूच नका. नाव चित्र संपल्यावर द्या, कारण नाव आधी सुचले की ते मजकुरासारखे वागू लागते आणि तुमचा सरावलेला हात त्याला चित्र पुरवतो. दहांतली सहा-सात फसतील. ती फेकू नका, भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि महिन्याने पाहा. घरच्यांना दाखवायची घाई करू नका. तुमच्या पतींचे प्रोत्साहन मोलाचे आहे, पण सध्या ते नकळत संपादकाच्या खुर्चीवर बसले आहेत.

या कामासाठी हंगामही नीट निवडा. दिवाळी अंकांची कामे आषाढापासून भाद्रपदापर्यंत अंगावर येतात आणि स्वाध्यायपुस्तिकांची घाई शाळा उघडण्याआधी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या मानाने मोकळा, आणि हवाही रंगाला मानवणारी. हे मी केवळ सोयीसाठी म्हणत नाही. अ‍ॅक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ होतो. आपल्याकडच्या ४४–४५ अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दोन चित्रे तोंडाला तोंड लावून ठेवली तर ती एकमेकांना चिकटतात, आणि फुग्यांचे प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळून बसने पाठवलेल्या चित्रावर त्या फुग्यांचे ठसे कायमचे उमटतात. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला, न चिकटणारा कागद घाला आणि प्लास्टिक त्याच्या बाहेरून गुंडाळा.

सामग्रीबद्दल अधिक तपशिलाने लिहितो, कारण पत्रांतून हा प्रश्न वारंवार येतो आणि त्याची उत्तरे सहसा ऐकीव असतात. हळद प्रकाशात टिकत नाही. उन्हाच्या खोलीत तिचा पिवळा रंग काही महिन्यांत फिका पडतो, आणि चुन्यासारख्या क्षारयुक्त पदार्थाशी गाठ पडली तर ती लाल होते. हळदीचा रंग हवाच असेल तर तो उडणार हे चित्राच्या कल्पनेतच धरा, किंवा पक्के पिवळे रंगद्रव्य वापरा. कथाचित्रांसाठी वापरता ते बहुतेक मार्कर आणि काही रंगीत शाया विद्राव्य रंगांच्या असतात. छपाईपुरते चित्र दोन दिवस टिकले तरी तिथे भागते, पण भिंतीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या चित्रात त्या चालत नाहीत. तिथे रंगद्रव्याची, जलरोधक शाई घ्या. शंका असलेल्या प्रत्येक गोष्टीची घरच्या घरी परीक्षा होते : पट्टीवर रंग, शाई, चीक लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका, थेट ऊन येणाऱ्या खिडकीत चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत ठेवा आणि कागद काढून दोन्ही अर्धे शेजारी पाहा. खानदेशाच्या उन्हाइतकी कडक परीक्षा दुसरीकडे विकत मिळणार नाही.

केळीचा धागा आणि जुने लुगडे वापरण्याआधी धुऊन, कडक वाळवून घ्या. खळ किंवा रस राहिला तर पावसाळ्यात बुरशी येते आणि कसरही लागते. चिकटवण्यासाठी तुम्ही फेव्हिकॉल वापरता असे लिहिले आहे. सरावासाठी ते ठीक आहे, पण तो सुतारकामाचा गोंद आहे. विकण्याच्या चित्रासाठी अ‍ॅक्रिलिक जेल मीडियम (अ‍ॅक्रिलिकचाच दाट, बिनरंगाचा लेप) घ्या आणि कापडाच्या दोन्ही बाजूंना लावा. महाग पडते, म्हणून लहान मापाचे कॅनव्हास सुचवले. थरांचा क्रमही पाळा. तेलकट खडू किंवा तैलरंग यांवर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. अ‍ॅक्रिलिक खाली, तेल वर, हे उलटू नका. धाग्याचे वजन जास्त असेल तर कॅनव्हास मध्ये झोळतो. मोठ्या चित्राच्या चौकटीला मागून आडवी पट्टी हवी, नाहीतर सरळ प्लायवर ताणलेले कापड बरे.

छापील पानांबद्दल दोन अडचणी आहेत. स्वस्त छपाईच्या कागदात लाकडातले लिग्निन असते, त्यामुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो. वर कितीही मीडियम लावले तरी हे फक्त लांबते. दुसरी अडचण हक्काची. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देण्यासाठी लेखी करार लागतो आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, पण स्वाध्यायपुस्तिकांच्या कागदपत्रांत सर्व हक्क कायमचे दिल्याचे कलम असण्याचा संभव असतो. जुनी कागदपत्रे काढून वाचा. तोपर्यंत माझी सूचना अशी की, छापून आलेल्या पानांऐवजी संपादकांनी नाकारलेले तुमचे रफ वापरा. ते सहसा बऱ्या कागदावर असतात, त्यावर खाडाखोड आणि ‘नाक लहान करा’ असे शेरे असतात, आणि त्या व्यवसायातली तुमची वर्षे छापील पानापेक्षा तिथे जास्त दिसतात. पेन्सिल पुसटू नये म्हणून आधी फिक्सेटिव्ह मारा.

कथाचित्रांची कामे बंद करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सगळी सारखी धरू नका. स्वाध्यायपुस्तिकांची रेखाचित्रे सर्वांत जास्त तास खातात, सर्वांत कमी देतात आणि हात यांत्रिक करतात, असे तुमच्याच हिशेबावरून दिसते. ती हळूहळू सोडा. बालपुस्तके आणि निवडक दिवाळी अंक ठेवा, कारण तिथे तुमची नजर राबते आणि घरात नियमित पैसा येतो. कॅनव्हासवर पोट अवलंबून राहिले, की पहिल्याच वर्षी तो तुमच्याकडून विकाऊ चित्रे मागू लागेल. सासरे म्हणतात तशी शाळेत चित्रकला शिक्षिकेची नोकरी मिळाली तर वाईट नाही, पण भरतीच्या आशेवर वर्षे काढण्यात अर्थ नाही.

पुण्याचे काय? चाळीसगावात राहून केकी मूस यांनी छायाचित्रणात जे काम केले, विशेषतः टेबलावर वस्तूंची मांडणी करून उभी केलेली त्यांची दृश्ये, ते आजही तिथल्या कलादालनात पाहता येते. त्यांचा एकांतवास हा आदर्श म्हणून मी सांगत नाही, तो सर्वांना झेपत नाही. पण कामाची जागा आणि कामाचा दर्जा यांचे नाते आपण समजतो तितके घट्ट नसते. शहरात दोन गोष्टी मिळतात : मूळ चित्रे पाहायला मिळतात, आणि तोंडावर खरे बोलणारे समव्यावसायिक भेटतात. यासाठी मुलीची शाळा बदलून बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही. जळगावहून रात्री गाडीत बसले की सकाळी मुंबईत उतरता येते. वर्षातून तीन-चार वेळा, प्रदर्शनांची यादी आधी काढून, जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय पाहायला जा, आणि चित्रासमोर वाकून त्याच्या कडा पाहा. थर कसे लावले आहेत ते छायाचित्रात कधीच कळत नाही.

प्रदर्शनांबाबत थोडक्यात. कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आणि १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन या दोन्ही ठिकाणी प्रवेशिका पाठवत राहा. जहांगीरमध्ये अर्ज केल्यापासून तारीख मिळेपर्यंत वर्षे जातात, म्हणून अर्ज करण्यासाठी ‘तयार’ होण्याची वाट पाहू नका. दालन विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दलाली घेऊ शकते, हे दर ठरवतानाच धरा, आणि घरून विकतानाही तोच दर ठेवा. शुल्क भरा, ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र घ्या, अशा ऑनलाइन स्पर्धांना दुरूनच नमस्कार.

प्रत्येक चित्र घराबाहेर जाण्यापूर्वी त्याचे सपाट, सावलीतल्या प्रकाशात, मोठ्या आकाराचे छायाचित्र काढा. माप, वर्ष आणि वापरलेली सामग्री लिहून ठेवा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात मेजर रॉबर्ट गिल यांनी उभे आयुष्य घातले आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यांची कबर भुसावळला आहे. तुमच्याजवळ निदान मोबाइल आहे.

राहिले सराफ. त्यांचे काम घ्या, पण ते कथाचित्राचे काम आहे असे समजून घ्या. तिथे ग्राहक आहे, मागणी आहे, रफ आहे आणि मंजुरीही आहे, आणि त्यात कमीपणा नाही. चिंध्या नकोत म्हणतात तर नकोत. दहा कॅनव्हासांच्या मालिकेशी या सहा चित्रांची सरमिसळ मात्र करू नका आणि प्रदर्शनाला ती पाठवू नका. लेखी पत्रात किती रफ दाखवाल, किती वेळा बदल कराल, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली पोच होताना, हे लिहा. एक कलम विसरू नका : तयार चित्र विकले तर त्याचा प्रताधिकार आपोआप जात नाही, पण मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राचा प्रताधिकार, उलट करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातो. उद्या तीच चित्रे त्यांच्या दिनदर्शिकेवर आणि दागिन्यांच्या डब्यांवर छापली गेली तर तुम्हाला बोलता येणार नाही. चित्रे भिंतीसाठी, छपाईचे हक्क चित्रकाराकडे, आणि छापायचे असल्यास वेगळा मोबदला, एवढी दोन ओळींची नोंद पुरते. ते चौरस फुटाचा दर विचारतील, तो सांगायला हरकत नाही, फक्त चौकट, वाहतूक आणि टांगणी त्यात धरू नका. दर सांगण्याआधी एकदा दालनात जाऊन या आणि ती भिंत उन्हाकडे आहे का, दिवे किती जवळून पडतात, आणि मागून पाण्याचा पाइप गेला आहे का, एवढे बघून घ्या.